फरशीवरचा डाग आणि मनातली भीती

गेल्या हिवाळ्यात दौंडहून आम्ही सोनीला शिरूरला आणले. वय आठ वर्षांच्या आसपास. रेल्वे जंक्शनजवळ एका वृद्ध गृहस्थांच्या अंगणात तिचे सारे आयुष्य गेले होते. त्यांच्या निधनानंतर घराला कुलूप लागले, तरी ती दाराशीच बसून असे. भीमा ओलांडून ती आमच्या घरी आली खरी. पण पहिल्याच दिवशी तिने दिवाणखान्याची फरशी ओली केली. तिसऱ्या दिवशी तर देवघराच्या उंबरठ्याशीच. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जीवदया मलाही कळते. पण घराची शुद्धी नको का सांभाळायला? या वयात हे जनावर आता काय शिकणार?"

प्रश्न रास्त होता. तिला पुन्हा दौंडला सोडून येणे मात्र आम्हाला मान्य नव्हते. पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

आधी पशुवैद्यांकडे गेलो. प्रौढ कुत्रे घरात लघवी करू लागले, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार नाही ना, हे प्रथम पाहावे लागते. सोनी निरोगी होती. डॉक्टरांनी एवढेच सांगितले, "ती केव्हा आणि कुठे लघवी करते, ते तीन दिवस लिहून ठेवा."

त्या वहीने आमचे डोळे उघडले. कोणी तिच्यावर वाकले किंवा केरसुणी उचलली, की ती अंग चोरून तिथेच लघवी करी. तो हट्ट नव्हता. 'मला मारू नका' अशी ती विनवणी होती. दुसरी वेळ फिरून आल्यानंतरची. महामार्गावरील ट्रकच्या आवाजाने ती बाहेर इतकी गांगरे, की सारे रोखून धरी आणि घरात सुरक्षित वाटताच मोकळी होई.

मग आम्ही आमचीच रीत बदलली. पहाटे वर्दळ नसताना, जेवणानंतर, झोपून उठल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी तिला एकाच ठरलेल्या जागी नेऊ लागलो. आयुष्यभर अंगणात राहिलेल्या सोनीला पायाखाली माती हवी होती. म्हणून परसातला कोपरा निवडला. बिथरून पळू नये म्हणून छातीपट्टा आणि दोरी. तिथे लघवी केली, की त्याच क्षणी हलक्या आवाजात शाबासकी आणि पनीरचा छोटा तुकडा. घरात आल्यावर दिलेल्या खाऊचा संबंध तिला कळला नसता. तिच्याशी बोलताना वाकण्याऐवजी बाजूला बसू लागलो. घरातील चौविहारामुळे तिचे जेवणही सूर्यास्तापूर्वी होई, त्यामुळे रात्रीची वेळ आपोआप ठरली. पाणी मात्र कधीच तोडले नाही. दूध-पोळी बंद केली. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि पातळ शौच रोखून धरता येत नाही. डाग पडलाच, तर न बोलता एन्झाइमयुक्त द्रावणाने पुसायचा, कारण वास राहिला तर कुत्रे त्याच जागी परतते.

एकदा पाहुण्यांसमोर फरशी ओली झाली आणि माझा आवाज चढला. पुढचे चार दिवस सोनी माझ्यासमोर परसातही लघवी करीना. तिने त्यातून एवढाच धडा घेतला होता, की या बाईसमोर लघवी करणे धोक्याचे आहे. नंतर ती पलंगामागे जाऊन करू लागली. माझ्या एका क्षणाच्या रागाची भरपाई करण्यात दोन आठवडे गेले.

सुमारे अडीच महिन्यांनी डाग थांबले. त्या काळात सासूबाईंनी केरसुणी सोनीच्या नजरेआड, कपाटामागे ठेवायला सुरुवात केली होती. कोणी सांगितले नव्हते. एका पहाटे सामायिकासाठी त्या उठल्या, तेव्हा सोनी मागच्या दाराशी उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी आम्हाला हाक मारली नाही. खुंटीवरची दोरी घेतली आणि दार उघडले.

वय झालेले जनावरही शिकते. फक्त आधी त्याची भीती जावी लागते, आणि ती घालवणे आपल्या हाती असते.