मोबाइलच्या पाठीवरचा उंचवटा

हळदीचा कार्यक्रम संध्याकाळपर्यंत लांबतो, मांडवातील दिवे मंद असतात आणि घरातील दोन मोबाइल एकाच वेळी आजीकडे वळतात. एकाच्या खोक्यावर 50 मेगापिक्सेल असे छापलेले असते, दुसऱ्याच्या खोक्यावर 108. पुष्कळदा असे घडते की, 108 च्या छायाचित्रात आजीचा चेहरा मातकट आणि रवाळ उतरतो, तर 50 च्या छायाचित्रात तिच्या लुगड्याचा काठही स्पष्ट दिसतो. जास्त पैसे मोजलेला मनुष्य अशा वेळी खट्टू होतो. पण दोष त्याच्या हाताचा नसतो. त्याने विश्वास ठेवलेला आकडाच अपुरा असतो.

कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे पावसात मांडून ठेवलेल्या भांड्यांसारखा असतो. पाऊस प्रकाशाचा आणि प्रत्येक पिक्सेल हे एक भांडे. धो-धो पावसात वाटीही भरते आणि पातेलेही भरते. म्हणून भर उन्हात काढलेली छायाचित्रे साध्या फोनचीही चांगली येतात. भुरभुर पावसात मात्र एका वाटीत तीन थेंब पडतात, शेजारच्या वाटीत एकच. ही विषमता छायाचित्रात रवाळपणा म्हणून दिसते. अंगण तेवढेच ठेवून वाट्यांची संख्या दुप्पट केली, तर पाणी वाढत नाही. महत्त्व अंगणाच्या क्षेत्रफळाला आहे, आणि जाहिरातीत ते क्वचितच ठळक अक्षरांत असते.

नोव्हेंबर 2000 मध्ये जपानात शार्प कंपनीचा कॅमेरा असलेला फोन विक्रीस आला, तेव्हा त्यात अवघे सुमारे 1 लाख 10 हजार पिक्सेल होते. त्यानंतरच्या दोन दशकांत पिक्सेल इतके लहान झाले की, 2023 च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस23 अल्ट्रामधील 20 कोटी पिक्सेलांपैकी प्रत्येकाची रुंदी 0.6 मायक्रोमीटर आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 0.55 मायक्रोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे भांडे जवळजवळ थेंबाएवढे झाले, हे उमगते. म्हणूनच मंद उजेडात हा सेन्सर शेजारचे 16 पिक्सेल एकत्र करतो आणि साधारण 1 कोटी 25 लाख पिक्सेलांचेच छायाचित्र देतो. हा मार्ग नोकियाने 2012 मध्येच 808 प्युअरव्ह्यू या फोनमध्ये दाखवला होता. 4 कोटी 10 लाख पिक्सेलांचा तो सेन्सर प्रत्यक्षात बहुधा 50 लाख पिक्सेलांची नितळ चित्रे काढण्यासाठी वापरला जाई.

खरी क्रांती मात्र एका उलटापालटीतून झाली. जुन्या सेन्सरमध्ये विद्युत जोडणीच्या तारा प्रकाशग्राही थराच्या वर असत. प्रकाशाला त्यांच्या फटींतून वाट काढावी लागे. सिलिकॉनची चकती पालथी घालून, घासून पातळ करून मागील बाजूने प्रकाश घ्यावा, ही कल्पना सोनीने 2009 मध्ये मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आणली. भांड्यांवरची जाळी निघाली. त्याच जागेत अधिक प्रकाश साठू लागला.

क्षेत्रफळ वाढवणे हा सरळ उपाय, पण तो फोनच्या जाडीशी भांडतो. 2022 च्या शाओमी 12एस अल्ट्रामध्ये ‘एक इंची’ सेन्सर आहे. (त्याची कोणतीही बाजू एक इंच नाही, माप साधारण 13.1 × 9.8 मिलिमीटर. हे नाव जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यातील काचनळीच्या बाहेरील व्यासावरून चालत आले आहे आणि गिऱ्हाइकाला अकारण गोंधळात टाकते.) एवढ्या सेन्सरवर नेहमीचे रुंद दृश्य उमटवण्यासाठी भिंगाचे नाभीय अंतर साधारण 9 मिलिमीटर लागते, आणि बहुतेक फोनची जाडी 8 मिलिमीटरच्या आसपास असते. भिंगे कुठेतरी बाहेर येणारच. टेबलावर फोन डुगडुगवणारा पाठीवरचा उंचवटा हा सौंदर्यदोष नव्हे. ती मोठ्या अंगणाची प्रामाणिक किंमत आहे.

त्या उंचवट्यात साच्यातून काढलेली सहा-सात इवलीशी प्लास्टिकची भिंगे एकावर एक बसवलेली असतात. त्यांचे पृष्ठभाग गोलाकार नसतात. कडेला ती चमत्कारिक रीतीने मुरडलेली असतात, कारण इतक्या कमी अंतरात सेन्सरच्या कोपऱ्यापर्यंत प्रकाश नेटका पोहोचवायचा असतो.

दूरचे दृश्य जवळ आणण्यासाठी तर आणखी लांब मार्ग हवा. हुआवेच्या पी30 प्रोमध्ये 2019 साली लोलक बसवून प्रकाश काटकोनात वळवला गेला आणि भिंगे फोनच्या रुंदीत आडवी मांडली गेली. 2023 च्या आयफोन 15 प्रो मॅक्समध्ये लोलकातच प्रकाशाचे चार वेळा परावर्तन होते. युक्ती सुंदर आहे, पण अशा भिंगांचे तोंड लहान असते. म्हणून रात्री ‘5एक्स’ दाबले तरी फोन अनेकदा मुख्य कॅमेऱ्याचेच चित्र कापून मोठे करतो.

उरलेली उणीव गणिताने भरली जाते. गुगलने 2018 मध्ये पिक्सेल फोनसाठी आणलेली रात्रीची सोय एकापाठोपाठ अनेक चित्रे घेते आणि ती जुळवून त्यांची सरासरी काढते. हा प्रकाश खरोखर गोळा झालेला असतो. मार्च 2023 मधील प्रकार निराळा होता. एका वापरकर्त्याने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवून दुरून सॅमसंगच्या फोनने टिपले, आणि मुळात नसलेले बारकावे त्यात उमटले. फोन चंद्र ओळखून त्याचे तपशील खुलवतो, असे कंपनीने नंतर स्पष्ट केले. चंद्र सर्वांना सारखाच दिसतो, म्हणून तिथे फारसे बिघडत नाही. आजीचा चेहरा मात्र एकच असतो. त्यावरील सुरकुत्या पुसून गाल गुळगुळीत करणारी ‘ब्युटी’ सोय काही फोनमध्ये आधीपासून चालू असते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करता येते.

नवा फोन घेताना दुकानदाराला मेगापिक्सेलऐवजी मुख्य सेन्सरचे माप विचारावे. 1/1.3 इंच हे 1/2 इंचापेक्षा मोठे, कारण छेद लहान. आणि हळदीच्या संध्याकाळी छायाचित्र काढण्यापूर्वी भिंगावरची काच मऊ कापडाने पुसावी. बोटाच्या तेलकट ठशाने दिव्यांभोवती पसरणारी प्रभा कोणताही सेन्सर पूर्णपणे पुसू शकत नाही.