मुंबईहून कोरियन क्रीम आणताय? आधी डबी उलटून बघा

फोपनार (जि. बऱ्हाणपूर) : लग्नाच्या खरेदीला किंवा नातेवाइकांकडे मुंबई-पुण्याला गेलं, की परतीच्या बॅगेत आता कोरियन सीरम, सनस्क्रीन, शीट मास्कही असतात. पण माल खोटा निघाला तर बदलायला पुन्हा मुंबई गाठणं परवडत नाही. म्हणून तपासणी दुकानातच करायची.

कॉस्मेटिक्स नियम, 2020 नुसार परदेशी सौंदर्यप्रसाधनांना केंद्राची नोंदणी लागते. डबीवर नोंदणी क्रमांक, भारतातील आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी हवी. नुसती कोरियन अक्षरं असतील, तर घेऊ नका.

तारखेतही गफलत होते. कोरियात वर्ष आधी लिहितात, 2027.03.05 म्हणजे 5 मार्च 2027. ही तारीख बनवल्याची की मुदत संपण्याची, हे दुकानदाराला विचारा. उघड्या डबीच्या चित्रात '12एम' असेल, तर उघडल्यापासून 12 महिनेच वापरायचं.

स्वस्तात आणि झटपट गोरं करणाऱ्या, लेबल नसलेल्या क्रीमपासून तर लांबच राहा. अकोल्यात एकाच कुटुंबातील तिघींच्या किडनीला इजा झाल्याचं 2023 च्या सुरुवातीला समोर आलं. त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडला. ती क्रीम कोरियन नव्हती, स्थानिक ब्युटीशियनकडची होती. पारा डोळ्यांना दिसत नाही, वासानेही कळत नाही. लेबल असलं, तर निदान जबाबदार कोण हे तरी कळतं.

पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा. फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मध्य प्रदेशातूनही तक्रार करता येते.