वणव्याचे पंचांग

१७४८ चा उन्हाळा. साताऱ्यात छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीची अखेरची वर्षे चालू होती. त्याच उन्हाळ्यात पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, आजच्या अमेरिकेतील ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या डोंगरांत, रानेच्या राने पेटली होती. एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या पर्वतरांगांवर एकाच वर्षी आग फिरली. संशोधकांनी जिथे जिथे शोध घेतला, त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी १७४८ हे साल निघाले. ते सांगितले तिथल्या पाँडेरोसा पाइन वृक्षांनी, खोडात जपून ठेवलेल्या डागांवरून.

डाग हा शब्द इथे अगदी चपखल बसतो, कारण आगीने खोडाला डागलेलेच असते. पाँडेरोसाची साल जाडजूड असते आणि खालच्या फांद्या वयाबरोबर गळून पडतात. त्यामुळे गवतातून आणि वाळक्या सुयांमधून सरपटत जाणारी जमिनीलगतची आग मोठ्या झाडाला सहसा मारत नाही. मात्र उतारावरच्या झाडाच्या वरच्या अंगाला पालापाचोळा अडकून साचतो. तिथे आग अंमळ जास्त रेंगाळते आणि सालीखालचा जिवंत थर तेवढ्या पट्ट्यात करपतो. बाकीचे झाड जगते. पुढच्या वर्षापासून नवे लाकूड दोन्ही कडांनी वळत वळत त्या जखमेवर चढू लागते. जखम पुरती मिटायच्या आतच पुन्हा वणवा येतो. उघड्या लाकडावर राळ पाझरलेली असते, तिथे जाड सालीचे संरक्षण नसते, त्यामुळे तीच जागा पुन्हा भाजते. एकाच झाडावर असे दहा-दहा, वीस-वीस डाग एकावर एक सापडतात.

अशा झाडाचा किंवा जुन्या बुंध्याचा काप काढून त्यावर पॉलिश पेपर फिरवत राहायचे, अगदी भिंगाखाली लाकडातली एकेक पेशी दिसेपर्यंत. वर्षाच्या सुरुवातीला तयार झालेले लाकूड फिकट, हंगाम संपतानाचे गडद. दोन्ही मिळून एक वलय, एक वर्ष. डाग वलयाच्या कोणत्या भागात पडला आहे हे पाहिले की आगीचा ऋतूही कळतो. ॲरिझोनात पाऊस जुलैत येतो आणि तिथेही त्याला मान्सूनच म्हणतात. त्याच्या तोंडावर आपल्या वळवासारख्या विजा कडाडतात, पण पाणी नावालाच पडते. तिथले बहुतेक जुने डाग याच कोरड्या दिवसांतले आहेत.

साल ठरवायला नुसती वलये मोजून भागत नाही. फार कडक दुष्काळात झाड खोडाच्या काही भागात वलय धरतच नाही आणि मोजणी चुकते. म्हणून अनेक झाडांच्या अरुंद-रुंद वलयांचा क्रम एकमेकांशी ताडून पाहावा लागतो. ही रीत बसवली अँड्रू एलिकॉट डग्लस यांनी. ते होते खगोलशास्त्रज्ञ. सौरडागांच्या अकरा वर्षांच्या चक्राचा हवामानावर ठसा उमटतो का, हे त्यांना पाहायचे होते. ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखात झाडाची वाढ पाण्यावर अवलंबून, म्हणजे वलये ही पावसाचीच नोंद, असा विचार करून १९०४ मध्ये त्यांनी फ्लॅगस्टाफच्या वखारीतील ओंडके तपासायला घेतले. पुढे त्यांच्याकडे मूळ रहिवाशांच्या ओसाड पडलेल्या प्राचीन वस्त्यांतील तुळया आल्या. आता वलयांच्या दोन साखळ्या तयार झाल्या. एक जिवंत झाडांपासून मागे जाणारी, दुसरी वस्त्यांमधली, आणि दोहोंचा सांधा जुळेना. १९२९ मध्ये शो लो या गावी एक जळकी तुळई मिळाली. तिला क्रमांक दिला होता एचएच-३९. तिची वलये १२३७ ते १३८० या सालांची निघाली, सांधा जुळला आणि त्या वस्त्यांतील घरे कोणत्या वर्षी बांधली हे सांगता येऊ लागले. ती टिकली होती ते तिचा कोळसा झाल्यामुळे. कोळसा झालेले लाकूड कुजत नाही. १९३७ मध्ये टूसॉनच्या विद्यापीठात डग्लस यांनी वृक्षवलयांची प्रयोगशाळा काढली. वणव्यांचे डाग वाचण्याचे बरेचसे काम पुढे तिथेच झाले.

त्या प्रयोगशाळेतील टॉमस स्वेटनम आणि त्यांचे सहकारी हुलिओ बेटनकोर्ट यांनी १९९० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात या डागांचा संबंध थेट प्रशांत महासागराशी जोडून दाखवला. एल निनोच्या हिवाळ्यात अमेरिकेच्या नैऋत्य भागात चांगला पाऊस होतो, गवत माजते. मागून ला निनाचे कोरडे वर्ष आले की तेच गवत सरपण होते. १७४७ हे भरपूर ओले वर्ष होते आणि १७४८ कोरडे. म्हणजे त्या उन्हाळ्याच्या वणव्याची तयारी आदल्या वर्षीच्या पावसाने करून ठेवली होती.

हे वाचताना मला राहून राहून आपला साग आठवतो. एल निनोच्या वर्षी ॲरिझोनात गवत माजते, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा पाऊस ओढ देतो. १८७६-७८ च्या महादुष्काळामागेही तोच होता. आपल्या उष्ण प्रदेशात वलये स्पष्ट दिसणारी झाडे थोडी, पण साग त्यांपैकी एक. उन्हाळ्यात तो पाने गाळून थांबतो आणि पुन्हा वाढीला लागतो तेव्हा आधी मोठमोठ्या नलिकांची रांग धरतो. वखारीतल्या ताज्या कापावरही ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी सागाची वलये वाचण्यात आयुष्याची वर्षे घातली आहेत. ठाणे जिल्ह्यातील सागाच्या लाकडातल्या हायड्रोजनवरून पावसाचा माग लावणारा निबंध १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. केरळातील सागाची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग नोंद एच. पी. बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडली, आणि तीत दुष्काळाच्या आणि एल निनोच्या वर्षी वलये बारीक झालेली आढळली. एकाच समुद्राची लहर दोन खंडांतल्या झाडांनी उलटसुलट अक्षरांत लिहून ठेवावी, यापरते मोठे आश्चर्य मला माहीत नाही.

आता पुन्हा ॲरिझोनाकडे. पाँडेरोसाच्या कापावर पाच-दहा वर्षांच्या अंतराने पडत आलेले डाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक ठिकाणी एकदम थांबतात. पाऊसमान त्यामागे नव्हते. रेल्वे आली, तिच्याबरोबर मेंढ्यांचे आणि गुरांचे प्रचंड कळप आले आणि आग वाहून नेणारे गवत त्यांनी फस्त केले. मग १९१० मध्ये आयडाहो-मोंटानाच्या जंगलांत भीषण वणवे लागले, त्यांत अनेक जण गेले, आणि सरकारी वनसेवेने आगीविरुद्ध युद्धच पुकारले. १९३५ मध्ये नियम झाला की आग दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. हेतू चांगला होता. पण लहान आगी ज्या रोपांना दर काही वर्षांनी विरळ करत, ती सगळीच वाढली. मोठ्या झाडांच्या मधल्या मोकळ्या जागा बारीक, दाट झाडांनी भरून गेल्या आणि जमिनीवरच्या ज्वाळेला शेंड्यापर्यंत चढायला शिडी मिळाली. सरासरी तापमानही वाढत गेले. जून २०११ मध्ये न्यू मेक्सिकोच्या हेमेझ डोंगरात लागलेल्या लास कोंचास वणव्याने पहिल्या दिवसाभरात चाळीस हजारांहून अधिक एकर गिळले. एकूण आकडा दीड लाख एकरांच्या पुढे गेला.

याच हेमेझ डोंगरांत तिथल्या आदिवासींचे पूर्वज शतकानुशतके मोठ्या वस्त्या करून राहत होते. त्यांच्या गावांभोवतीच्या झाडांवरचे डाग सांगतात, की तिथे आगी पुष्कळ लागत, पण छोट्या छोट्या. शेते, पायवाटा, सरपणासाठी वेचलेले लाकूड आणि माणसांनी वेळ पाहून लावलेली आग, यांमुळे रान तुकड्यातुकड्यांनी जळे. आता अमेरिकी वनाधिकारीही ठरवून, थंडाव्याच्या दिवसांत आगी लावतात. त्यात धोका आहे. २००० मध्ये अशीच एक आग हाताबाहेर जाऊन लॉस अलामॉसमधील शेकडो घरे जळाली. तरीही मला तीच वाट बरी वाटते, निदान पाँडेरोसाच्या रानासाठी. सह्याद्रीत ती आंधळेपणाने आणू नये. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसानेच लावलेले असतात आणि सदाहरित रानातल्या पातळ सालीच्या झाडांना असल्या आगीची सवय नसते.

लास कोंचासने जिथे सगळेच जाळले, तिथे मैलोन् मैल बी टाकायला पाँडेरोसाचे एकही झाड उरले नाही. त्या उतारांवर आता ओकची झुडपे माजली आहेत. मधूनच एखादा काळा बुंधा उभा दिसतो. करवत घेऊन जाणारे अभ्यासक अशाच बुंध्यांचे काप काढतात. आतल्या बाजूला एकामागून एक मिटत आलेल्या जखमा, मग शंभरेक वर्षांची निर्धोक, दाट वलये, आणि त्यांच्या बाहेर कोळसा.