जुना पत्ता, हरवलेली किल्ली

समजा, एका ऑनलाइन खात्याचा पासवर्ड तुम्ही विसरलात. नवा मागताच उत्तर आले, ‘तुमच्या ई-मेलवर दुवा पाठवला आहे.’ पण तो ई-मेल तर कित्येक वर्षांपूर्वीचा! त्याचाही पासवर्ड आठवत नाही. आता काय करावे?

तुम्ही म्हणाल, कंपनीने सरळ आपला पासवर्डच सांगावा. पण चांगल्या व्यवस्थेत तो कंपनीजवळही नसतो. त्यावर गणिती क्रिया करून मिळालेली अक्षर-अंकांची माळ तेवढी साठवलेली असते. पिठातून पुन्हा गहू मिळत नाहीत, तसा त्या माळेतून पासवर्ड परत मिळत नाही. म्हणून नवा घ्यावा लागतो.

तो मागणारे तुम्हीच, हे संगणकाने कसे ओळखावे? ज्याला ई-मेल उघडता येतो तोच मालक, असे तो मानतो. धोका येथेच आहे. २०१३ साली याहूने दीर्घकाळ न वापरलेले पत्ते नव्या लोकांना दिले, तेव्हा जुन्या मालकांची काही पत्रे त्यांच्या हाती पडली. उद्या तुमचा दुवाही असाच परक्याकडे जाऊ शकेल!

म्हणून आधी जुना ई-मेल परत मिळवा. नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या ठिकाणाहून प्रयत्न करा. ओळखीचे उपकरण हाही एक पुरावा असतो. एखाद्या जुन्या फोनवर खाते उघडेच आहे का, तेही पाहा. पैसे घेऊन खाते उघडून देतो म्हणणाऱ्यांपासून मात्र दूर राहा.

घर बदलले की आपण पोस्टमनला नवा पत्ता कळवतो. मग तुमची खाती कोणत्या पत्त्याला बांधलेली आहेत, हे आजच तपासाल ना?