काडी लावा, पण जागा बघून

१९९३च्या भूकंपानंतर सास्तूर गाव नव्या जागेवर वसलं. गर्दीतल्या माळवदांऐवजी सुटी घरं आली, घरांभोवती थोडी मोकळी जागाही आली. अशा जागेत फळझाड हवं आणि रोपवाटिकेचा खर्च नको, तर सगळ्यात सोपी वाट म्हणजे छाट कलम. शेजाऱ्याच्या झाडाची काडी मागून आणायची आणि लावायची. मात्र प्रत्येक झाड काडीला दाद देत नाही.

अंजीर देतं. जॉर्डनच्या खोऱ्यात गिलगाल इथे अकरा हजारांहून अधिक वर्षं जुनी अंजिरं सापडली. ती बियाण्याची नसून माणसाने फांद्या लावून वाढवलेल्या झाडांची असावीत, असं संशोधकांनी २००६ मध्ये मांडलं. तसं असेल तर ही युक्ती गव्हाच्या शेतीपेक्षाही जुनी ठरते.

थंडी सरता सरता, झाड विश्रांतीत असताना, पेन्सिलीएवढी जाड, पक्की काडी घ्यावी. लांबी वीतभर, डोळे चार-पाच. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा तिरका. म्हणजे उलटी लावली जात नाही. अंजिराचा चीक वाळू द्यावा आणि दोन तृतीयांश काडी कुंडीतल्या वाळू मिसळलेल्या मातीत पुरावी. नुसती काळी माती नको. ती पाणी धरते आणि काडी कुजते. कोरडेपणापेक्षा अतिपाण्यानेच जास्त काड्या जातात. कोरफड, मध, दालचिनी वगैरे मोबाइलवरचे उपाय मला तरी उगाचच वाटतात. अडलंच तर कृषी केंद्रात मुळं फुटवणारी आयबीएची पावडर मिळते.

फसगत पुढे होते. पंधरा-वीस दिवसांत पालवी दिसते आणि आपण कुंडी उन्हात नेतो. ती पालवी काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असते, खाली मूळ अजून नसतंच. नवी पानं पाणी उडवतात आणि काडी वाळते. मुळं धरेपर्यंत ती सावलीतच बरी.

द्राक्ष, तुती, डाळिंबही असेच येतात. पेरूची काडी मात्र सहसा हट्टी. त्याला पावसाळ्यात गुटी बांधावी. फांदीवरची बोटभर साल गोल काढली की पानांकडून खाली येणारं अन्न तिथेच अडतं आणि ओल्या शेवाळात मुळं फुटतात. आंब्याच्या काडीची आशाच सोडावी. त्याला पाचर किंवा कोय कलमच हवं.

आणि इथल्या दुष्काळी मुलखात एक गोष्ट विसरून चालत नाही: काडीच्या झाडाला सोटमूळ नसतं. मोरीचं सांडपाणी मिळतं तिथे त्याने बिघडत नाही. पण ज्या बांधावर उन्हाळ्यात घागरभर पाणीही पोचत नाही, तिथे बोराची बी जागेवरच टोकावी आणि मग उगवलेल्या रोपावर डोळा भरावा.

काडी मागताना झाडाचं फळ तर बघावंच, पण पानंही उलटून बघावीत. डाळिंबावर तेल्या रोग असेल तर तो काडीबरोबर, गुटीबरोबर सरळ आपल्या अंगणात येतो.