कोंबडं झाकलं तरी आरवतंच

छत्रपती संभाजीनगरजवळचं हर्सूल कागदोपत्री कधीच शहरात आलं. जळगाव रोडला उभं राहिलं तर गाव कुठे संपलं आणि शहर कुठे सुरू झालं ते कळत नाही. पण जुन्या गावठाणात अजून अंगण आहे, अंगणात चूल आहे आणि विझलेल्या चुलीच्या राखेत लोळणाऱ्या पाच-सहा कोंबड्या आहेत. माघ सरत आला की तलावाकडून येणारा गारठा कमी होतो आणि महिना-दोन महिने खुराड्यातून रिकाम्या हातानं परतणाऱ्या बायका पदरात अंडी घेऊन निघतात. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडतात म्हणून त्यांची सांगड घातली जाते. आपल्याकडचे कोंबड्यांबद्दलचे बरेच गैरसमज असेच जन्मलेत. डोळ्यांनी पाहिलेलं खरंच असतं, त्याला चिकटवलेलं कारण मात्र चुकतं.

गैरसमज : थंडीनं कोंबडी अंडी देत नाही.

कोंबडीच्या अंगात मुळातच सुमारे ४१ अंशांची भट्टी पेटलेली असते आणि वर पिसांची गोधडी. आपल्याकडच्या थंडीचा तिला फारसा त्रास नाही. दाणे थोडे जास्त लागतात, इतकंच. अंडी अडतात ती उजेडामुळे. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. फेब्रुवारी संपताना तो पावणेबारा तासांवर येतो आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या पुढे जातो. हा वाढता दिवस कोंबडीला नुसत्या डोळ्यांनी कळतो असंही नाही. उजेड कवटीतून आत झिरपतो आणि मेंदूच्या खोल भागातल्या पेशी तो टिपतात. त्यामुळे आंधळ्या कोंबडीलाही दिवस मोठा झाल्याचं कळतं. तिथून निघालेली संप्रेरकं अंडाशयाला जागं करतात.

पावसाळा संपता संपता पिसं झडून नवी येतात, तेव्हाही अंडी थांबतात. पिसं म्हणजे जवळजवळ सगळी प्रथिनंच, त्यामुळे ती आणि अंडी दोन्ही एकदम तयार करणं कोंबडीला परवडत नाही. ‘म्हातारी झाली’ म्हणून नोव्हेंबरात विकून टाकलेली कोंबडी फेब्रुवारीत दुसऱ्याच्या दारी अंडी घालताना मी पाहिली आहे. विकणारी मावशी रोज तिकडे बघत जायची.

याच गैरसमजाचं धाकटं भावंड म्हणजे थंडीत खुराडं प्लास्टिकनं गच्च बांधणं. सकाळी दार उघडलं की डोळ्यांना झोंबेल असा वास येतो. तो विष्ठेतून निघालेला अमोनिया. रात्रभर तो आणि कोंडलेली ओल छातीत घेतलेल्या कोंबड्या दुसऱ्या दिवशी शिंकतात, आणि आपण म्हणतो, बघा, थंडी बाधली! वारा अंगावर येऊ देऊ नका, पण वरचा झरोका उघडा ठेवा. खरी काळजी करायची ती मार्चनंतर. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं हाच तिच्याकडचा मुख्य उपाय असतो.

गैरसमज : कोंबडा नसला तर अंडी मिळत नाहीत.

मिळतात. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. साधारण २४ ते २६ तासांत एक अंडं तयार होतं, त्यातले २० तास नुसत्या कवचाला जातात. म्हणून आज सकाळी आठला अंडं देणारी कोंबडी उद्या नऊ-साडेनऊला देते, आणि असं पुढे सरकत सरकत एखाद्या दिवशी सुट्टी घेते. ती काही आळशी झालेली नसते. उलट बाजूनं एक गंमत अशी की कोंबड्याला आज विकलं तरी पुढचे दहा-बारा दिवस अंड्यातून पिल्लू निघू शकतं, कारण त्याचं बीज कोंबडीच्या शरीरात तेवढे दिवस टिकून राहतं.

गैरसमज : कोंबड्या भांडकुदळ असतात, नव्या कोंबडीला उगाच टोचतात.

शहरातल्या छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून आणलेली एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, शेजारच्या अंगणात सोडली, तो प्रसंग डोळ्यांसमोर आहे. आधी सगळं शांत झालं. मग तुरा एका बाजूला पडलेली थोरली कोंबडी दाणे टिपायचं सोडून सरळ चालत आली, मान उंचावली आणि तलंगेच्या डोक्यावर एकच टोला. तलंग दबली. मग दुसरी आली, तिचाही एक टोला. तिसरी आली तशी तलंगेनं मानेवरची पिसं फुलवली आणि उलटून टोचलं. तिसरी मागे हटली. पाच मिनिटांत तलंगेची जागा ठरली : दोघींच्या खाली, बाकीच्यांच्या वर. त्यानंतर थोरलीनं नुसतं वळून पाहिलं तरी तलंग टोपल्यापासून बाजूला व्हायची.

हा सगळा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला तो थोरलीफ श्येल्डरूप-एब्बे या नॉर्वेजियन माणसानं, १९२१ मध्ये. लहानपणापासून तो कोंबड्यांच्या वह्या ठेवायचा. कोण कोणाला टोचतं आणि उलट टोला कोण देत नाही, याची नोंद करता करता त्याला कळपातली उतरंड सापडली. एकदा उतरंड ठरली की रोजची मारामारी संपते, म्हणजे टोचणं ही शांततेचीच व्यवस्था. माद्यांची उतरंड वेगळी, नरांची वेगळी. संध्याकाळी दांडीवर बसतानाही ती दिसते. मोक्याची जागा थोरलीची आणि शेवटी धक्के खात जागा शोधणारी सगळ्यात खालची.

नव्या पाहुणीला दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, कारण ती आजार घेऊन आलेली असू शकते. मग चार-आठ दिवस त्याच अंगणात डालग्याखाली डाला. एकमेकींना दिसतील, पण चोच पोचणार नाही. शेवटी अंधार पडल्यावर हळूच दांडीवर नेऊन बसवा. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, त्यामुळे रात्री भांडण नाही. दाण्याची टोपली मात्र एकीऐवजी दोन ठेवा, नाहीतर सगळ्यात खालची उपाशी राहील. रक्त दिसलं तर हा सगळा हिशोब विसरा आणि जखमी कोंबडी ताबडतोब वेगळी करा. लाल रंग दिसला की सगळा कळप तुटून पडतो.

गैरसमज : कोंबडा तांबडं फुटलेलं बघून आरवतो.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपल्याला पाठ आहे. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळजवळ कोंबडंच झाकून पाहिलं. चोवीस तास सारखाच मंद उजेड ठेवला, बाहेर दिवस आहे की रात्र ते कळायचा मार्गच नाही. तरी कोंबडे पहाटेच्या वेळेला आरवत राहिले. घड्याळ त्यांच्या अंगातच असतं, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी त्याच मंडळींनी पुढचं सांगितलं : आधी आरवतो तो कळपातला थोरला, बाकीचे मानाप्रमाणे त्याच्यामागून. पहाटे चारला गल्लीत एकापाठोपाठ एक बांग सुरू होते, तेव्हा ऐकून बघा.

गैरसमज : टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून कोंबडी.

माझ्या आजीचा यावर ठाम विश्वास होता. निम्म्या वेळी ती बरोबरही यायची, कारण शक्यताच निम्मी-निम्मी असते. पिल्लू नर की मादी हे कोंबडीच्या बीजावरून ठरतं, अंड्याच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. आजीचं दुसरं मत मात्र पक्कं होतं : रवणीची, म्हणजे उबवायची, अंडी गारव्याला ठेवायची, माठाजवळ ओल्या वाळूत. गारव्यात अंड्यातला जीव थांबून राहतो. म्हणून दहा-बारा दिवसांत घातलेली अंडी कोंबडीनं एकदम उबवायला घेतली की २१व्या दिवसाच्या सुमारास सगळी पिल्लं बरोबर निघतात. फेब्रुवारीअखेर दुपारी पारा तिशीच्या वर गेला की उघड्यावरच्या अंड्यात अर्धवट वाढ सुरू होते आणि आतला जीव मरतो. मग ‘अंडी वांझ निघाली’ म्हणून कोंबड्याला बोल.

खुडूक बसलेल्या कोंबडीला गार पाण्यात बुचकळणंही सोडा. तो आजार नाही, आईपणाची ओढ आहे. अंडी उबवायची नसतील तर घरटं काढून घ्या आणि खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तिला दोन-चार दिवस ठेवा.

गैरसमज : मानमोडी थंडीनं किंवा नजर लागून होते.

मानमोडी म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेतला १९२७ मध्ये हा रोग आढळला, म्हणून भारतात त्याला ते नाव पडलं. कारण विषाणू. मान वळते, हिरवी विष्ठा होते, धाप लागते आणि आठवडाभरात खुराडं रिकामं होतं. पाण्यात विरघळवलेल्या गोळ्यांनी तो बरा होत नाही. लसच हवी : पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब, आणि साधारण आठव्या आठवड्यात इंजेक्शन.

बर्ड फ्लू वेगळा. भारतात तो पहिल्यांदा आढळला तो नंदुरबारच्या नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात तो निघाला, तर जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे त्यानं मेले. हिवाळ्याशी त्याचं नातं आहे ते स्थलांतरित पाणपक्ष्यांमुळे. व्यवस्थित शिजवलेल्या चिकन-अंड्यातून तो होत नाही, ७० अंशांला विषाणू मरतो. धोका आहे आजारी पक्षी हाताळण्याचा. एकदम चार-पाच कोंबड्या मेल्या तर त्या हातानं उचलून तलावाकडे किंवा नाल्यात टाकू नका. पशुसंवर्धन विभागाला १९६२ या क्रमांकावर कळवा.

राहता राहिली मानमोडीच्या लसीची अडचण. बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची येते, एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि आपल्या घरी कोंबड्या सहा. म्हणून बहुतेक जण लसच टाळतात. गल्लीतल्या दहा-बारा घरांनी मिळून एक संध्याकाळ ठरवा, कोंबड्या दांडीवर बसल्यानंतरची. बाटली आणायला जाताना बर्फाचा डबा घेऊन जा.