चहावर धरलेली साय

बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या आमच्या घरात ओट्याच्या कोपऱ्यात काचेची एक बरणी असते. तोंडाला घट्ट विणीचं सुती फडकं, आत कोरा चहा आणि चहावर भाकरीएवढी जाड, दुधाळ, गुळगुळीत चकती. कोल्हापूरहून आलेल्या आईनं पहिल्यांदा फडकं उचललं तेव्हा विचारलं, "चहावर ही साय कसली गं धरलीय? नासला का?"

नासला नव्हता, आंबत होता. आपल्या भाषेत हा फरक किती बारकाईनं जपलाय! दूध विरजतं, पीठ आंबतं, लोणचं मुरतं, भाजी विटते. चारही ठिकाणी राबतात डोळ्यांना न दिसणारे जीवच. त्यातल्या कोणाचं राज्य आधी आलं, यावर सगळं ठरतं. बेंगळुरूच्या दुकानांत फ्रिजच्या काचेआड रांगेनं उभा असलेला कोंबुचा, म्हणजेच आमच्या बरणीतला हा आंबवलेला चहा, याच राज्याचा खेळ आहे.

गोड कोऱ्या चहात दोन तऱ्हेचे जीव एकत्र नांदतात. यीस्ट साखर फोडून तिचं मद्यार्क आणि वायू करतं. बॅक्टेरिया त्या मद्यार्काचं आम्ल करतात, तेच आम्ल जे व्हिनेगरमध्ये असतं. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण! मात्र या बॅक्टेरियांना हवा लागते आणि चहाच्या तळाशी ती पोहोचत नाही. म्हणून ते स्वतःसाठी तराफा विणतात. आईला दिसलेली साय म्हणजे तो तराफा. तो सेल्युलोजचा असतो, म्हणजे कापसाचा धागा ज्याचा बनतो त्याच पदार्थाचा. रशियात या चकतीला 'चहाची अळंबी' म्हणतात, पण ती अळंबी नव्हेच. एड्रियन ब्राउन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८८६ मध्येच दाखवून दिलं होतं की अशी साय बॅक्टेरिया विणतात. २०१४ ते २०१६ या काळात कोंबुच्यातले हे जीव आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेरच्या बाजूला ठेवले होते. तिथून परतल्यावरही त्यांतले काही पुन्हा वाढले. ओट्यावरची बरणी पुसताना मला हे दर वेळी आठवतं.

गंमत म्हणजे रोजच्या चहाच्या कारखान्यातही 'फर्मेंटेशन' हा शब्द सर्रास ऐकू येतो. निलगिरीत कुन्नूरच्या बाजूला चुरडलेली हिरवी पानं पसरून ठेवतात आणि ती बघता बघता तांबूस होतात. त्यात जंतूंचं काम मात्र नसतं. पानातलंच एक विकर हवेतल्या ऑक्सिजनशी संगनमत करून हा रंग आणतं, कापलेलं सफरचंद काळवंडतं तसंच. खरा आंबवलेला चहा पाहायचा तर चीनच्या युन्नानमधला पु-अर घ्यावा, नाहीतर ही बरणी.

आता रोज प्यायला चांगला कोंबुचा कसा ओळखायचा? माझा पहिला निकष चव. घोट घेतल्यावर आधी आंबटपणा यावा आणि मागून चहा यावा. शेवटी चहा उरलाच नाही, नुसतं नाकाला झोंबलं, तर तो जास्त आंबला. नुसतं फळांचं सरबत लागलं, तर आंबलाच नाही. मग लेबल. त्यावर चहा, साखर, विरजण, फार तर खरं फळ किंवा आलं, एवढंच असावं. साखरेचा आकडा १०० मिलीमागे दिलेला असतो, तो अख्ख्या बाटलीच्या हिशेबानं गुणून बघा. कोलात १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. रोजच्या कोंबुच्यात मला तिच्या निम्म्याहून कमी हवी. तळाशी थोडा गाळ दिसला तर घाबरू नका, ते यीस्ट असतं. जिवंत कोंबुचा थंडच ठेवावा लागतो, नाहीतर बाटलीतही तो आंबत राहतो आणि वायू कोंडतो. मद्यार्काचा अंश त्यात राहतोच. आपल्याकडे ०.५ टक्क्यांच्या वर गेलेलं पेय कायद्यानं मद्य ठरतं.

घरी करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की धरावी. साय म्हणजे विरजण नव्हे. खरं विरजण म्हणजे मागच्या खेपेचा आंबट चहा. तो नव्याच्या दहाव्या हिश्शाएवढा घातला की पहिल्या दिवसापासून बरणीत आम्ल असतं आणि बुरशीला पाय रोवायला जागा मिळत नाही. सामू मोजायच्या पट्ट्या आणा आणि तो ४.२ च्या खाली उतरल्याची खात्री करा. सायीवर कोरडी, लोकरीसारखी हिरवी-काळी बुरशी दिसली तर सायीसकट सगळं टाकून द्या, वरवर खरवडून भागत नाही. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे आणि इथली हवा या जिवांना मानवते. माझी बरणी एप्रिलमध्ये आठवड्यात तयार होते, डिसेंबरात दहा-बारा दिवस घेते.

भांडं काचेचंच का, हे आईला सांगावं लागलं नाही. कल्हई नसलेल्या पितळेत ताक कळकतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

औषधी गुणांच्या गोष्टी फार ऐकू येतात. २०२३ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या रुग्णांवरच्या एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. चार आठवडे कोंबुचा प्यायल्यावर त्यांची उपाशीपोटीची साखर उतरली. आशा वाटावी असाच निकाल, पण रुग्ण होते फक्त १२. तेवढ्यावर कोणी गोळ्या सोडू नयेत. गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी कोंबुचा टाळलेलाच बरा. मी दिवसाला एक लहान पेला, १२० मिलीच्या आसपास घेते.

जाताना आईनं लोणच्याच्या छोट्या बरणीत वाटीभर आंबट चहा मागून घेतला. साय नको म्हणाली. "विरजण चांगलं असलं की ती धरते आपोआप." नवव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, नमस्कार-चमत्काराआधी पहिलं वाक्य, "धरली गं."